तलवारीचा आवाज कुठून येतो?

ऐतिहासिक चित्रपटात सरदार म्यानातून तलवार उपसतो तेव्हा ‘श्शिंग’ असा लांबलचक, धारदार आवाज येतो. आता जुनी म्यानं कशी असत ते आठवून पाहा. आत लाकूड आणि वरून चामडं किंवा मखमल. वस्तुसंग्रहालयात काचेमागे ठेवलेलं म्यान नीट पाहिलं तरी हे लक्षात येतं. अशा लाकडावरून पोलाद सरकलं तर फार तर जराशी खसखस ऐकू येईल. म्यान आतून धातूचं केलं असतं तर धारच बोथट झाली असती आणि सरदारावर ऐन लढाईत पंचाईतीची वेळ आली असती. थोडक्यात, आपल्या मनात इतका पक्का बसलेला हा आवाज लढाईच्या मैदानावर फारसा कुणी ऐकलेलाच नसावा. पण तो काढून टाका, की तलवार पुठ्ठ्याची वाटायला लागते.

घोड्याची गोष्ट वेगळी नाही. मऊ मातीतून घोडा दौडत गेला तर दबकी धपधप ऐकू येते. पडद्यावरच्या टापा मात्र फरसबंदीवर वाजाव्यात तशा खणखणीत असतात. नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर किंवा कडक पृष्ठभागावर आपटून त्या काढायची युक्ती रंगभूमीवर होती, तिथून ती रेडिओवर आली आणि चित्रपटातही टिकली. करवंट्यांच्या या टापा आपण इतक्या ऐकल्यात, की खरा घोडा जवळून गेला तर तोच जरा कमी पडल्यासारखा वाटतो.

गोष्ट सांगणारं तंत्रज्ञान माणसाच्या भावनेपर्यंत कसं पोचतं, हे समजून घ्यायचं तर बहुतेक जण चित्राकडे पाहतात. पडदा किती मोठा, रंग किती खरे, चित्रात बारकावे किती. मला ही वाट अपुरी वाटते. अंगावर काटा आणण्याचं निम्म्याहून अधिक काम आवाज करतो, आणि ते करताना तो जवळजवळ सतत खोटं बोलतो. हे खोटं कसं तयार होतं आणि आपलं शरीर ते का पचवतं, ते या प्रकरणात पाहू.

या खोट्याच्या कारागिरीला ‘फोली’ म्हणतात. युनिव्हर्सल स्टुडिओत काम करणाऱ्या जॅक फोली यांच्या आडनावावरून हा शब्द रूढ झाला. १९२९ साली ‘शो बोट’ हा मूकपट म्हणून चित्रित झालेला सिनेमा घाईघाईनं बोलका करायचा होता. तेव्हा फोली आणि त्यांचे सहकारी पडद्यावर चित्र पाहत, वाद्यवृंदाबरोबरच, पावलं, टाळ्या, दारं असे आवाज तिथल्या तिथे काढत गेले. त्यांचा एक किस्सा या धंद्यात अजून सांगितला जातो. ‘स्पार्टाकस’मध्ये रोमन सैन्याच्या कूचाचा आवाज काही मनासारखा येईना. फोलींनी मोटारीच्या किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला आणि हजारो चिलखतं चालू लागली.

फोलीचा स्टुडिओ बाहेरून भंगारवाल्याच्या दुकानासारखा दिसतो. मोडकी खुर्ची, तीन-चार प्रकारच्या कड्या लावलेलं सुटं दार, चपला-बुटांचा ढीग, डबे, साखळ्या, जुन्या छत्र्या. जमिनीत चौकोन केलेले असतात. एकात वाळू, एकात खडी, एकात फरशी, एकात लाकडी फळ्या. अंगावरचे कपडे आवाज करणार नाहीत असे घालून कलाकार समोरच्या पडद्याकडे पाहतो आणि दृश्यातल्या माणसाच्या पावलावर पाऊल टाकतो, अक्षरशः.

एक साधं दृश्य घेऊ. सून स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन येते आणि बाहेर बसलेल्या पाहुण्यापुढे ठेवते. पडद्यावर हे आठ-दहा सेकंदांत संपतं. फोलीत त्याचे तीन फेरे होतात. पहिल्यात फक्त पावलं. शहाबादी फरशीवर अनवाणी पाय आधी टाचेवर पडतो की चवड्यावर, उंबऱ्यापाशी अडखळतो का, हे सगळं आलं. दुसऱ्यात फक्त कपडे. सुती लुगड्याची सळसळ नायलॉनच्या साडीला येत नाही, त्यामुळे कापडही तेच हवं. तिसऱ्यात वस्तू. बांगड्या, तांब्या, त्यावरचं फुलपात्र. तांब्यात पाणी खरोखर भरावं लागतं, कारण रिकामा तांब्या लगेच ओळखू येतो. आणि इथे खरी कसोटी लागते. आदरानं ठेवलेला तांब्या, नाइलाजानं ठेवलेला आणि रागानं ठेवलेला, हे तीन वेगळे आवाज आहेत. कुठल्याही मराठी घरात वाढलेल्या माणसाला दुसऱ्या खोलीतूनसुद्धा त्यातला फरक कळतो. नटीच्या चेहऱ्यावर काहीही नसलं तरी सुनेच्या मनात काय आहे ते त्या तांब्यातून कळतं. म्हणून मी फोलीला तांत्रिक काम म्हणायला तयार नाही. हा अभिनयच आहे, फक्त श्रेयनामावलीत तो फार खाली येतो आणि तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात.

बाकी युक्त्या ऐकायला गमतीच्या आहेत. चामड्याच्या पिशवीत कॉर्नफ्लॉवर भरून ती दाबली की बर्फावरून चालल्याचा आवाज येतो. सेलरीची जुडी पिळली की हाड मोडतं, चामडी हातमोजे फडफडवले की पाखरं उडतात. हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) न्हाणीघरात सुरीचे वार ऐकू येतात ते एका जातीच्या खरबुजावरचे आहेत. निरनिराळी खरबुजं कापून हिचकॉकला ऐकवली गेली आणि त्यानं त्यातलं एक निवडलं. त्या प्रसंगात सुरी शरीरात जाताना जवळजवळ दिसतच नाही. ती ऐकू येते, आणि पाहिल्याची शपथ माणसं नंतर घेतात.

ऐकलेलं पाहिल्यासारखं का वाटतं?

याचं उत्तर १९९७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका साध्या प्रयोगात आहे. पडद्यावर दोन ठिपके समोरासमोरून येतात, मधोमध एकमेकांवर येतात आणि पुढे जातात. पाहणारे बहुतेक जण म्हणतात, ठिपके एकमेकांना ओलांडून गेले. आता ते मधोमध येतात त्याच क्षणी एक ‘टक्’ वाजवा. चित्र तेच असतं, पण आता अनेकांना ठिपके एकमेकांवर आदळून मागे फिरताना दिसतात. हा तर्काचा खेळ नव्हे, माणसांना टक्कर दिसते. डोळ्यांनी आणलेला पुरावा संदिग्ध असला की मेंदू कानाची साक्ष घेतो आणि निकाल मात्र डोळ्यांच्या नावानं देतो. मारामारीच्या दृश्यात नायकाची मूठ खलनायकाच्या गालापासून वीतभर दूर असते. ‘ढिशुम’ नेमक्या वेळी आला की ती लागलेली दिसते.

शिवाय कान वेगवान आहे. अचानक उजेड दिसल्यावर बटण दाबायला माणसाला साधारण १८० ते २०० मिलिसेकंद लागतात. आवाज ऐकून दाबायला १४० ते १६० पुरतात. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाशाचं रूपांतर रासायनिक साखळीतून होतं, त्याला वेळ जातो. कानातल्या पेशींवरचे केसासारखे तंतू हलले की त्या पेशींची दारं यांत्रिकपणे उघडतात आणि संदेश निघतो. दचकणं तर मेंदूच्या देठातूनच होतं, विचार करणाऱ्या भागाला त्याची खबर मागाहून लागते. भयपटाला घाबरणारा माणूस डोळ्यांवर हात ठेवतो. त्यानं ते कानांवर ठेवायला हवेत.

जिभेवरही कानाची सत्ता चालते. ऑक्सफर्डमध्ये मॅसिमिलियानो झांपिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी लोकांना बटाट्याचे वेफर्स खायला दिले आणि चावण्याचा आवाज हेडफोनमधून त्यांच्याच कानात सोडला. त्यातला उंच पट्टीतला भाग वाढवला की लोकांना तेच वेफर्स अधिक कुरकुरीत आणि ताजे वाटत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाला पुढे २००८ चं इग नोबेल मिळालं. इग नोबेल आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. सादळलेला पापड बेचव लागतो असं आपण म्हणतो, पण त्याची चव कुठे गेलेली असते? गेलेला असतो तो आवाज.

आपल्याकडे बोलपट आला तेव्हा अडचण उलटी होती. खरे आवाज नको तेवढे होते. अर्देशिर इराणींचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. त्याचं चित्रीकरण मुख्यतः रात्री चाले, कारण स्टुडिओजवळून आगगाड्या जात. मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवून ठेवावे लागत. आवाज आणि चित्र एकाच फिल्मवर टिपले जात असल्यानं मागाहून दुरुस्तीला जवळपास वावच नव्हता. त्या चित्रपटाची एकही प्रत आज उरलेली नाही. मुंबईच्या रात्रीतून वेचून काढलेला तो पहिला आवाज आपण आता ऐकू शकत नाही.

पुढे हलके पण घरघर करणारे कॅमेरे आले आणि जागेवर आवाज घेणं हळूहळू सुटत गेलं. चित्रीकरणाच्या वेळी कामापुरता पायलट ट्रॅक घ्यायचा आणि काही महिन्यांनी अंधाऱ्या खोलीत उभं राहून नटानं स्वतःच्याच ओठांवर पुन्हा संवाद बसवायचे, अशी रीत पडली. डोंगरमाथ्यावर वाऱ्यात उभं राहून केलेला आक्रोश वातानुकूलित खोलीत, हातात कागद धरून पुन्हा करायचा. काही नटांना तो जमे, काहींना नाही, आणि पडद्यावर ते कळतंच. ‘लगान’नं (२००१) कच्छच्या मैदानावर जागेवरच आवाज टिपला, तेव्हापासून ‘सिंक साउंड’ हा शब्द मासिकांतूनही येऊ लागला. तरी फोलीवाल्यांचं काम संपलं नाही. चित्रपट दुसऱ्या भाषेत न्यायचा तर मूळ संवाद काढावे लागतात आणि संवादाबरोबर त्याच माइकवर आलेली पावलं, भांडी, कपडेही जातात. मग पुन्हा तोच तांब्या, तीच फरशी.

इथवर आपण दिसणाऱ्या गोष्टींच्या आवाजाबद्दल बोललो. त्याहून चलाख असतो तो न दिसणाऱ्या गोष्टीचा आवाज. ‘द गॉडफादर’मध्ये (१९७२) मायकेल कॉर्लिऑनी हॉटेलात दोन माणसांसमोर बसलेला असतो. थोड्याच वेळात तो त्यांना गोळ्या घालणार असतो. तो गप्प आहे, चेहरा दगडी. आणि बाहेरून कुठून तरी रेल्वेच्या चाकांची किंकाळी वाढत जाते. गाडी दिसत नाही, तिचा उल्लेखही होत नाही. ध्वनीचं काम पाहणाऱ्या वॉल्टर मर्च यांनी त्या प्रसंगाला संगीत न देता हा आवाज दिला. संगीत वाजलं असतं तर प्रेक्षकाला कळलं असतं की आता आपल्याला घाबरवताहेत. रेल्वेच्या आवाजाचा संशय येत नाही. शहर आहे, गाड्या असणारच. त्यामुळे ती किंकाळी थेट मायकेलच्या डोक्यात वाजते आणि आपल्याही.

या वाटेवर प्रभात फिल्म कंपनीचं पाऊल कितीतरी आधी पडलं होतं. व्ही. शांतारामांचा ‘कुंकू’ १९३७ चा. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलं जातं आणि ती ते लग्न मानायला नकार देते. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झालेली, लोक गाण्यांसाठी गर्दी करायचे, आणि अशा वेळी शांतारामांनी प्रसंगांमागचं पार्श्वसंगीतच काढून टाकलं. चित्रपटात गाणी आहेत, पण दुःखाच्या वेळी कुठून तरी सारंगी रडू लागत नाही. त्या जागी घरातले आवाज आहेत आणि घड्याळ आहे. केशवराव दात्यांनी उभा केलेला वयस्क नवरा आणि ते घड्याळ यांचं नातं चित्रपटभर विणलेलं आहे. म्हातारपणावर भाषण देण्याची गरजच उरत नाही. शांता आपटेंची नीरा त्या घरात कशी कोंडली गेली आहे, हे सनई-चौघड्यानं जितकं कळलं नसतं तितकं घड्याळाच्या ठोक्यांनी कळतं. आजच्या मालिकांत सासूनं मान वळवली तरी तीनदा ढोल वाजतो. तो ऐकताना १९३७ हे साल मला जरा पुढचं वाटतं.

आवाज काढून घेण्याची ही हिंमत मराठीत पुन्हा लख्ख दिसली ती ‘सैराट’मध्ये (२०१६). अजय-अतुल यांनी या चित्रपटासाठी पाश्चात्त्य वाद्यवृंद हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. व्हायोलिनच्या लाटांवर लाटा येतात आणि चित्रपटगृहात लोक नाचतात. अडीच तासांहून अधिक वेळ आपल्या कानांना त्या भरलेपणाची सवय लावली जाते. आणि अखेरच्या प्रसंगात, घरात काय घडलंय हे दिसताच, नागराज मंजुळे सगळा आवाज बंद करतात. लहान मूल रडतंय हे दिसतं, ऐकू येत नाही. तिथे करुण संगीत असतं तर आपल्या रडण्याला सोबत मिळाली असती, काय वाटून घ्यायचं ते कुणी तरी सांगितलं असतं. ती सोबत काढून घेतल्यावर ऐकू येतात ते फक्त चित्रपटगृहातले आवाज. एसीची घरघर, शेजारच्याचा श्वास, मागच्या रांगेतलं कुणी तरी. माझ्या मते त्या शांततेचा परिणाम आधीच्या वाद्यवृंदाच्या जिवावर उभा आहे. पहिल्यापासून गप्प असलेल्या चित्रपटाला शेवटी गप्प होऊन काही साधलं नसतं.

आवाज आणखी एक गोष्ट करतो, अंतर मोडतो. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं गाणं तबकड्यांसाठी मुद्रित झालं तेव्हा गायकाला भोंग्यात तोंड घालून जोरानं गावं लागे. विजेचा मायक्रोफोन १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रणात आला आणि पहिल्यांदाच कुजबुज टिपता आली. संगीत नाटकातल्या गायक नटाला शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवावा लागायचा. प्रेमाची कबुलीसुद्धा पिटातल्या प्रेक्षकाला ऐकू जाईल अशीच द्यायची. माइकसमोर तलत महमूद यांच्या गळ्यातला बारीकसा कंपही टिकला. शरीराला एक जुनं गणित ठाऊक असतं. कुजबुज ऐकू येते म्हणजे बोलणारा हातभर अंतराच्या आत आहे, म्हणजे तो आपला माणूस आहे. माइकनं हे गणित फसवलं. हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसाचा श्वास कानाशी आला आणि शरीरानं त्याला घरचं मानलं.

रेडिओनं याचा पुरेपूर फायदा घेतला. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, वर्षभरात ५६ गीतं. प्रसारणाच्या वेळी रेडिओच्या खोक्याला हार घालत, उदबत्ती लावत, अशा आठवणी त्या पिढीतल्या अनेकांनी सांगितल्या आहेत. गोष्ट सगळ्यांना आधीच पाठ होती. नवं होतं ते तिनं दर आठवड्याला ठरल्या वेळी घरात येणं, माजघरापर्यंत.

मग नाकानं काय घोडं मारलं होतं? प्रयत्न झाले. १९६० साली ‘सेंट ऑफ मिस्टरी’ या चित्रपटासाठी प्रेक्षकांच्या आसनांपर्यंत नळ्या टाकून प्रसंगानुरूप वास सोडले गेले. मॉर्टन हाइलिग यांनी ‘सेन्सोरामा’ नावाचं यंत्र बनवलं, त्याचं पेटंट १९६२ चं. त्याच्यापुढे बसलं की ब्रुकलिनमधून मोटारसायकलवरून जाण्याचा अनुभव मिळे. वारा, हादरे, वास, सगळं. दोन्ही चाललं नाही. नळीतला वास काही जणांपर्यंत उशिरा पोचायचा, काहींना तो यायचाच नाही, मग लोक जोरजोरात हुंगायला लागायचे. पण मोठी अडचण मला निराळी वाटते. चित्रपट कापून जोडता येतो, वास कापता येत नाही. पहिल्या प्रसंगातला गुलाब तिसऱ्या प्रसंगातल्या बारूदखान्यात रेंगाळत राहतो. आवाज संपला की संपतो, वास जायला वेळ लागतो आणि गोष्टीला तेवढा वेळ नसतो. आजही काही मल्टिप्लेक्समध्ये खुर्च्या हलतात, तोंडावर पाणी उडतं. मला तिथे चित्रपटापेक्षा खुर्चीचीच आठवण जास्त राहते.

आता बहुतेक गोष्टी आपण खिशातल्या फोनवर ऐकतो आणि त्याचा स्पीकर नखाएवढा असतो. इतक्या छोट्या पडद्याला खर्जाची हवा हलवताच येत नाही. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा ज्या कंपनांत असतो, ती त्यातून जवळजवळ बाहेरच पडत नाहीत. तरी फोनवर भजन लावलं तर डग्गा ऐकू येतो. जुन्या टेलिफोनच्या तारेचंही असंच होतं. तिच्यातून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे गावाहून ट्रंककॉल करणाऱ्या वडिलांच्या आवाजाचा पायाच तारेतून येत नव्हता. वरचे स्वर येत. त्यांच्यामधलं अंतर मोजून मेंदू खालचा स्वर स्वतः तयार करी आणि आपण म्हणायचो, बाबांचा घसा बसलाय वाटतं. चित्रपटाचं मिक्सिंग करणारे हे चांगलंच जाणतात. चित्रपटगृहासाठी एक मिक्स होतं, घरच्या आणि हातातल्या पडद्यांसाठी बहुधा दुसरं. खर्ज पोचणार नाही तिथे त्याचे वरचे स्वर थोडे उठवून ठेवतात. बाकीचा खर्ज ऐकणाऱ्याचा मेंदू भरतो.